बाजारपेठांचा पुनर्विकास आणि रहदारीचे गणित

कोणत्याही नगराच्या जीवनात बाजारपेठेचे स्थान मध्यवर्ती असते. वसाहत वसते तेव्हा दुकानांची एक ओळ पुरेशी ठरते. पुढे वस्ती वाढते, गरजा बदलतात, इमारती जुन्या होतात आणि दुरुस्तीवरचा खर्च वाढत जाऊन एक दिवस त्या पाडून नव्याने बांधणे हाच मार्ग उरतो. मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या जुन्या शहरांत ही अवस्था पूर्वीच आली होती. नियोजनपूर्वक वसविलेल्या नवी मुंबईतील वसाहतींनाही आता वयाची तीन-चार दशके पूर्ण झाल्याने त्यांच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहिला आहे.

अशा पुनर्विकासाला रहिवाशांचा सहसा विरोध नसतो. सुरक्षित इमारत, स्वच्छ दुकाने, उद्वाहन आणि वाहनतळ कोणाला नको असतात? त्यांची चिंता निराळी असते. नव्या बाजारात येणाऱ्या गाड्या कोणत्या रस्त्याने येतील? त्या कोठे उभ्या राहतील? घरातील वृद्धाला रुग्णालयात न्यायचे झाल्यास रुग्णवाहिका फाटकापर्यंत पोहोचेल काय? शाळेला जाणारी मुले रस्ता कोठे ओलांडतील? हे प्रश्न वरकरणी घरगुती वाटले, तरी नगररचनेच्या दृष्टीने ते पूर्णपणे तांत्रिक आहेत आणि त्यांची उत्तरे आकड्यांत देता येतात. जुईनगरसारख्या रेल्वेस्थानकाभोवती वसलेल्या वसाहतीचे उदाहरण समोर ठेवून या गणिताचा परिचय करून घेणे उद्बोधक ठरेल.

नियोजित नगराची मूळ कल्पना

मुंबई बेटावरील गर्दीचा भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, असा विचार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघा तज्ज्ञांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये संमत झाला आणि १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, स्थापन करण्यात आले. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र या नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आले.

हे शहर एकाच मध्यवर्ती केंद्राभोवती न वाढविता स्वतंत्र उपनगरांची माळ म्हणून वसवावे, असे धोरण होते. प्रत्येक उपनगरात सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये शाळा, उद्यान आणि दैनंदिन गरजांची दुकाने, अशी ती रचना होती. गृहिणीने पिशवी घेऊन पायी जावे आणि पायी परत यावे, हे अंतर गृहीत धरूनच स्थानिक बाजारांच्या जागा ठरविण्यात आल्या. मोठ्या खरेदीसाठी व कामधंद्यासाठी लोहमार्गाचा उपयोग व्हावा, अशीही अपेक्षा होती. त्यामुळेच मानखुर्दपासून पुढे टाकलेल्या लोहमार्गाच्या खर्चापैकी ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला आणि उर्वरित ३३ टक्के रेल्वेने. १९९२ मध्ये वाशीपर्यंत आणि १९९३ मध्ये पुढे बेलापूरपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्या.

थोडक्यात, सेक्टरमधील रस्त्यांची रुंदी ठरविताना पायी चालणारा ग्राहक आणि आगगाडीने प्रवास करणारा नोकरदार हे दोघे डोळ्यांपुढे होते. प्रत्येक घरी एक मोटार व दोन दुचाकी असतील, हे चित्र त्या आराखड्यात नव्हते. आजच्या अडचणींचे मूळ येथे आहे.

जुईनगरचे स्थान

सानपाडा आणि नेरूळ या दोन स्थानकांच्या दरम्यान जुईनगर वसलेले आहे. त्याच्या पूर्वेकडून शीव–पनवेल महामार्ग जातो, तर पश्चिमेकडे पाम बीच मार्ग आहे. शिरवणे गाव लागूनच आहे. महामार्गापलीकडे ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्टा सुरू होतो. २००४ मध्ये ठाण्याहून तुर्भेमार्गे प्रवासी गाड्या सुरू झाल्यावर या स्थानकाचे महत्त्व वाढले. तुर्भे सोडल्यावर या मार्गाचा एक फाटा सानपाडा–वाशीकडे, तर दुसरा जुईनगर–नेरूळकडे वळतो. साहजिकच मुंबईकडून पनवेलकडे जाणाऱ्या आणि ठाण्याकडून नेरूळकडे येणाऱ्या अशा दोन्ही गाड्यांचे प्रवासी येथे चढतात व उतरतात.

हे स्थान जितके सोयीचे, तितकेच रहदारीच्या दृष्टीने नाजूक आहे. एका बाजूला लोहमार्ग आणि सानपाड्याची कारशेड, दुसऱ्या बाजूला वेगवान महामार्ग, अशा पट्ट्यात वसलेल्या वस्तीत ये-जा करण्याच्या वाटा मोजक्याच असतात. जुन्या शहरातील एखादी गल्ली बंद झाली तर वाटसरू शेजारच्या गल्लीतून जातो. लोहमार्ग किंवा महामार्ग मात्र पूल वा भुयारी मार्ग असेल तेथेच ओलांडता येतो. त्यामुळे अशा वस्तीत एखाद्या चौकात कोंडी झाली, की तिचा ताण त्या चौकापुरता न राहता संपूर्ण सेक्टरवर पडतो. स्थानक आणि बाजार एकमेकांजवळ असतील तर सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत घरी परतणारा प्रवासी, खरेदीसाठी निघालेले कुटुंब, रांगेतील रिक्षा आणि माल उतरविणारा टेम्पो या चौघांची गाठ एकाच रस्त्यावर पडते.

चटई क्षेत्र वाढते, रस्ता तोच राहतो

पुनर्विकासाचे अर्थकारण चटई क्षेत्र निर्देशांकावर उभे असते. हा निर्देशांक १ असेल, तर १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर तितक्याच चौरस मीटरचे बांधकाम करता येते, २.५ असेल, तर २,५०० चौरस मीटरचे. जुन्या दुकानदारांना व सदनिकाधारकांना नव्या जागा देऊन उरलेले क्षेत्र विकले जाते आणि त्यातून बांधकामाचा खर्च निघतो. नवी मुंबई महानगरपालिका क्षेत्रात सिडकोने बांधलेल्या मोडकळीस आलेल्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी २.५ पर्यंत निर्देशांक देण्याचा निर्णय शासनाने २०१५ मध्ये घेतला. पुढे डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या मोठ्या भागासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली.

अधिक निर्देशांकाशिवाय जुन्या इमारतींचा पुनर्विकास परवडत नाही, हे खरे आहे. तथापि भूखंडावरील क्षेत्र अडीच पट झाले म्हणून समोरचा रस्ता अडीच पट होत नाही. जलवाहिनी बदलून अधिक व्यासाची टाकता येते, विजेचे रोहित्र नवे बसविता येते. दोन्ही बाजूंनी इमारती असलेला रस्ता मात्र सहसा रुंद करता येत नाही. म्हणून पुनर्विकासात सर्वांत आधी ज्याचा हिशेब व्हावयास हवा, ती गोष्ट रस्ता ही होय.

मोजणीची रीत

रस्त्यावर किती वाहने मावतात, हे केवळ वाहनांच्या संख्येवरून सांगता येत नाही. सायकल थोडी जागा व्यापते, बस पुष्कळ. यासाठी सर्व वाहनांचे रूपांतर मोटारीच्या मापात केले जाते. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने शहरी रस्त्यांसाठी १९९० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक मोटार म्हणजे १ एकक. एकूण रहदारीतील प्रमाण १० टक्के वा अधिक असेल, तर दुचाकीचे ०.७५ आणि ऑटोरिक्षाचे २ एकक धरतात. बस वा मालमोटारींचे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असेल, तर प्रत्येकी २.२ आणि सायकलीचे ०.४ एकक धरले जाते. रिक्षाचे माप मोटारीच्या दुप्पट का, असा प्रश्न पडेल. वारंवार थांबणे, कडेला वळणे आणि पुन्हा प्रवाहात शिरणे या तिच्या चालीमुळे मागच्या वाहनांना होणारा अडथळा येथे हिशेबात घेतलेला असतो.

याच सूचनांत दोन मार्गिकांच्या, दोन्ही दिशांनी वाहतूक असलेल्या रस्त्याची ताशी क्षमताही दिली आहे. कडेला दुकाने वा फाटके नाहीत आणि वाहने उभी करण्यास मनाई आहे, अशा रस्त्यावरून तासाला १,५०० एकके जाऊ शकतात. कडेला फाटके आहेत, परंतु वाहने उभी राहत नाहीत, अशा रस्त्यावरून १,२००. कडेला दुकाने आहेत, वाहने उभी आहेत आणि आडव्या दिशेने लोकांची सतत ये-जा आहे, अशा रस्त्यावरून केवळ ९००. तिन्ही ठिकाणी डांबराची रुंदी तीच आहे. तरीही क्षमतेचा दोन पंचमांश भाग नाहीसा होतो आणि तो नाहीसा होतो रस्त्याच्या कडेला. पुनर्विकासाचा सारा प्रश्न या एका वस्तुस्थितीत सामावलेला आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका सेक्टरमधील बाजारासमोरच्या दोन मार्गिकांच्या रस्त्यावर सायंकाळच्या एका तासात ४०० दुचाकी, १८० मोटारी, ९० रिक्षा, १० बस वा मालमोटारी आणि २० सायकली मोजल्या गेल्या. दुचाकींची ३००, मोटारींची १८०, रिक्षांची १८०, बस व मालमोटारींची २२ आणि सायकलींची ८, अशी एकूण ६९० एकके झाली. रस्त्याची क्षमता ९००. म्हणजे २१० एककांची जागा शिल्लक आहे. आता पुनर्विकसित बाजारामुळे त्याच तासात ९० मोटारी, १२० दुचाकी आणि ३० रिक्षा अधिक येतील असे धरले, तर त्यांची ९०, ९० आणि ६० मिळून २४० एकके वाढतात. बेरीज ९३० वर जाते आणि रस्ता तुंबतो. वाढलेली वाहने केवळ २४०. परंतु त्यामुळे आधी सुरळीत असलेल्या ७०० वाहनांचीही गती खुंटते.

याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. नव्या संकुलाने माल उतरविण्याची जागा भूखंडाच्या आत ठेवली, वाहनतळाचे प्रवेशद्वार कमी वर्दळीच्या बाजूला घेतले, रिक्षांना स्वतंत्र थांबा दिला आणि रस्त्याच्या कडेला वाहने उभी राहणार नाहीत अशी व्यवस्था झाली, तर त्याच रस्त्याची क्षमता १,२०० च्या जवळ जाऊ शकते. मग ९३० एकके सुखाने जातील. पुनर्विकास रस्त्याला बुडवू शकतो, तसाच तारूही शकतो. फरक पडतो तो नकाशावर प्रवेशद्वार कोठे काढले यामुळे; आणि इमारत उभी राहिल्यावर प्रवेशद्वार हलविता येत नाही.

वाहनतळाचा प्रश्न

उभ्या वाहनाला लागणारी जागा सामान्यतः कमी समजली जाते. मोटार उभी करण्याची चौकट सुमारे साडेबारा चौरस मीटरची असते. परंतु वळण्यासाठी व ये-जा करण्यासाठी लागणारी वाट धरली, तर मोकळ्या आवारात एका मोटारीमागे साधारण २३ आणि तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरण्याचा नगररचनेतील प्रघात आहे. म्हणजे तळघरातील एका मोटारीची जागा एखाद्या लहान घराएवढी होते. विकासकाच्या दृष्टीने हा खर्च असतो, तर रहिवाशाच्या दृष्टीने तो रस्ता मोकळा राहण्याची हमी असते.

हा प्रश्न न्यायालयातही गेला. नव्या बांधकामांत ठेवावयाच्या वाहनतळांचे प्रमाण कमी करणाऱ्या नियमबदलाला नवी मुंबईतील एका रहिवाशाने जनहित याचिकेद्वारे आव्हान दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये तिच्या सुनावणीच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने वाहने उभी करण्याबाबत एकसूत्री धोरण नसल्याबद्दल चिंता व्यक्त केली. पुरेसा वाहनतळ नसताना एकाच सदनिकेच्या मालकांना चार-पाच मोटारी बाळगू देता कामा नये, असेही मत न्यायालयाने व्यक्त केले. एका नागरिकाने उपस्थित केलेला फाटकापुढचा प्रश्न राज्याच्या धोरणाचा विषय कसा होऊ शकतो, हे या प्रकरणातून दिसून आले.

तथापि वाहनतळ वाढविला की प्रश्न सुटला, असेही नाही. वाहन उभे करण्याची मुबलक सोय अधिक वाहनांना निमंत्रण देते आणि ती वाहने अखेर त्याच रस्त्याने येतात. स्थानकाला लागून असलेल्या बाजारात पायी व आगगाडीने येणाऱ्यांची वाट सुखकर करणे हा अधिक टिकाऊ उपाय ठरतो.

परळचा धडा

हिशेब चुकला तर काय घडते, याचे दुःखद उदाहरण मुंबईतच आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि पुढील काळात त्यांच्या जमिनींवर कचेऱ्या, उपाहारगृहे व व्यापारी संकुले उभी राहिली. परळ, लोअर परळ व एल्फिन्स्टन रोड या स्थानकांवर रोज उतरणाऱ्यांची गर्दी वाढत गेली. भूखंडावरील बांधकाम नवे झाले; स्थानकाबाहेर नेणारे पादचारी पूल व जिने मात्र जुन्याच मापाचे राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, पावसाच्या सरी येत असताना, परळ व एल्फिन्स्टन रोड यांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर भारतीय सैन्यदलाने तेथे नवा पादचारी पूल उभारला व तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला.

त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी कमला मिल आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. या दोन्ही दुर्घटनांची तात्कालिक कारणे निराळी असली, तरी त्यांनी एकच गोष्ट ठसविली. जेथे माणसे मोठ्या संख्येने जमतात, तेथे आत येण्याची सोय जितकी पाहिली जाते, तितकीच बाहेर पडण्याचीही पाहिली गेली पाहिजे. उंच इमारतीभोवती अग्निशमन वाहन फिरू शकेल अशी किमान ६ मीटर रुंदीची मोकळी वाट असावी, हा नियम याच कारणाने आहे. नकाशावर ही वाट मोकळी असते. प्रत्यक्षात तेथे जनित्र, कुंड्या किंवा दुचाकींची रांग उभी असेल, तर नियम कागदावरच राहतो.

पायी चालणारा आणि फेरीवाला

वाहनांच्या चर्चेत पायी चालणाऱ्याचा विसर पडतो. खरे तर शेजारच्या बाजारातील बहुतांश ग्राहक त्याच्यासारखाच असतो. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि व्यापारी भागात ती २.५ मीटर वा अधिक असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या सूचना सांगतात. मोकळी रुंदी म्हणजे दुकानाच्या पायऱ्या, विजेच्या पेट्या, फलक व झाडांचे आळे वगळून उरणारी रुंदी. पुनर्विकासात दर्शनी भिंत दोन-तीन मीटर मागे घेऊन ही जागा मिळविता येते. चालू बाजारात ती एरवी कधीच मिळत नाही. वाहनतळाचा उतार पदपथ तोडून न जाता पदपथाच्याच पातळीवरून नेला, तर लहान मुलांची बाबागाडी आणि अपंगांची चाकाची खुर्ची विनासायास पुढे जाते.

फेरीवाल्यांकडे केवळ अडथळा म्हणून पाहणेही योग्य नव्हे. स्थानकाबाहेर भाजी विकत घेऊन घरी जाणारा नोकरदार हाच त्यांचा ग्राहक असतो. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार त्यांचे सर्वेक्षण करून नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने विक्रीक्षेत्रे ठरवावयाची असतात. नव्या बाजाराच्या आराखड्यात त्यांची जागा आखली नाही, तर ते पदपथावर येतात, पादचारी रस्त्यावर उतरतो आणि वर मांडलेला सारा हिशेब कोलमडतो.

बांधकामाचा काळ

जुनी इमारत पाडून नवी उभी राहीपर्यंत काही वर्षे जातात. या काळात राडारोडा वाहून नेणाऱ्या व सिमेंट-काँक्रीट आणणाऱ्या अवजड गाड्यांची ये-जा सुरू असते, पत्र्याचे कुंपण अनेकदा पदपथ गिळते आणि दुकाने तात्पुरत्या जागी हलविल्यामुळे गर्दीची वाटही बदलते. यासाठी अवजड गाड्यांच्या वेळा शाळा भरण्या-सुटण्याच्या व स्थानकावरील गर्दीच्या वेळांपासून दूर ठेवणे, कुंपणाबाहेर छत असलेली पायवाट देणे आणि चौकात विकासकाच्या खर्चाने माणूस उभा करणे, अशा अटी कामाच्या आरंभीच घालता येतात. वाहतुकीत बदल करण्याची वा एखादा रस्ता एकदिशा करण्याची अधिसूचना पोलिसांची वाहतूक शाखा काढते. नवी मुंबईसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय असल्याने रहिवाशांना या मागण्या तेथे मांडता येतात.

अन्यत्रचे अनुभव

स्थानकालगतच्या गर्दीवर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे उपाय योजण्यात आले. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस महानगरपालिकेने उन्नत फलाटासारखा पूल बांधून बसगाड्या वर नेल्या आणि रिक्षा व इतर वाहनांना खालची जागा दिली. हा पूल २००९ पासून वापरात आहे. जुईनगरपासून जवळच सीवूड्स येथे स्थानक आणि व्यापारी संकुल यांची एकत्र उभारणी करण्यात आली. सिडकोने २००८ मध्ये हे काम लार्सन अँड टुब्रो कंपनीकडे सोपविले आणि २०१७ मध्ये तेथील मोठे व्यापारी संकुल सुरू झाले. आगगाडीतून उतरलेला ग्राहक रस्त्यावर न येता थेट बाजारात जाऊ शकतो, हा या रचनेचा मोठा गुण होय. दिल्लीच्या चांदनी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता २०२१ मध्ये नव्या स्वरूपात खुला झाला आणि सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत तेथे यांत्रिक वाहनांना मनाई करण्यात आली.

या सर्व उपायांमागील तत्त्व ब्रिटनमधील कॉलिन बुकॅनन यांच्या अभ्यासगटाने १९६३ मध्येच मांडले होते. रस्त्यावरून किती वाहने जाऊ शकतात एवढेच न पाहता, किती वाहने गेली तर तेथील माणसांना राहणे, बोलणे व रस्ता ओलांडणे शक्य राहील, हेही ठरविले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. निवासी सेक्टरमधील बाजाराला ही कसोटी विशेष लागू पडते.

कायद्याने दिलेली वाट

आपले म्हणणे कोठे व केव्हा मांडावे, याची माहिती नसल्याने पुष्कळ रास्त तक्रारी वाया जातात. यासंबंधीच्या तरतुदी संक्षेपाने अशा :

विकास योजना तयार होत असताना तिचे प्रारूप प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागविणे नगररचना अधिनियमाने बंधनकारक आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने १९९२ मध्ये कारभार सुरू केल्यानंतरची आपली पहिली प्रारूप विकास योजना ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा नागरिकांनी मोठ्या संख्येने आपली मते नोंदविली.

मंजूर योजनेत फेरबदल करावयाचा असेल, उदाहरणार्थ एखाद्या भूखंडाचा वापर वा आरक्षण बदलावयाचे असेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी एक महिन्याची मुदत असते. ही सूचना राजपत्रात येते, तिच्याकडे लक्ष ठेवणारे फार थोडे असतात आणि महिना पाहता पाहता सरतो.

प्रचलित नियमांत बसणारे बांधकाम असेल, तर मात्र शेजाऱ्यांच्या हरकती मागविण्याची स्वतंत्र पायरी नसते. अशा वेळी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मंजूर नकाशे व अटींच्या प्रती मागता येतात. विक्रीसाठी असलेल्या प्रकल्पांची नोंदणी व त्यांचे तपशील महारेराच्या संकेतस्थळावर २०१७ पासून पाहता येतात. २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकाम असल्यास २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते. इमारत प्रकल्पांना त्यातील जनसुनावणीतून सूट असली, तरी मंजुरीपत्रातील अटी जाहीर असतात आणि त्यांचे पालन होते किंवा नाही, हे कोणालाही तपासता येते.

रहिवाशांचे कार्य

हरकत नोंदविताना ‘वाहतूक कोंडी होईल’ एवढेच लिहिले, तर त्यावर कार्यवाही करणे यंत्रणेला कठीण जाते. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेळी, किती वाहने जातात आणि किती उभी असतात, हे आकड्यांनिशी लिहिले तर उत्तरही आकड्यांतच द्यावे लागते. यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. गृहनिर्माण संस्थांच्या चार-पाच सभासदांनी एक कामाचा दिवस व एक रविवार निवडावा, सकाळी व सायंकाळी गर्दीच्या दोन-दोन तासांत प्रत्येक पंधरा मिनिटांची मोजणी करावी आणि तिचे वर दिलेल्या रीतीने एककांत रूपांतर करावे. पदपथाची मोकळी रुंदी टेपने मोजावी. रुग्णवाहिका व अग्निशमन वाहन कोठे अडेल, त्या जागांची छायाचित्रे घ्यावीत. शाळा, दवाखाना, रिक्षाथांबा व माल उतरविण्याच्या जागा एका साध्या नकाशावर दाखवाव्यात.

अशा निवेदनात विरोधाबरोबर पर्यायही असावा. प्रवेशद्वार अमुक बाजूला घ्यावे, माल रात्री दहानंतर उतरवावा, पदपथाची रुंदी इतकी ठेवावी, फेरीवाल्यांसाठी इतके ओटे राखावेत, अशा मागण्या मान्य करणे नियोजन प्राधिकरणाला सोपे जाते आणि दुकानदारांनाही त्या आपल्या हिताच्या वाटतात. कारण ज्या बाजारापर्यंत ग्राहक पोहोचू शकत नाही, त्या बाजारातील गाळ्याला किंमत राहत नाही.

मोजणीचा हा कागद नकाशा मंजूर होण्यापूर्वी कार्यालयात पोहोचणे हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. पाया खणला गेल्यानंतर उरते ती केवळ तक्रार. त्याआधी दिलेला आकडा मात्र आराखड्याचा भाग होऊ शकतो. जुईनगरसारख्या नियोजित वसाहतीत रस्ते, सेक्टर आणि बाजार यांचा मेळ पहिल्या पिढीच्या नियोजनकारांनी घातला होता. इमारती बदलत असताना तो मेळ पुन्हा घालण्याच्या कामात तेथील रहिवाशांनी केलेली एका संध्याकाळची मोजणीही मोलाची ठरते.